दोन्ही लिफ्ट बंद

बेळ्ळंदूरला आमचं घर नवव्या मजल्यावर होतं. बाबा लिफ्ट बसवणाऱ्या आणि त्यांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीच्या इथल्या शाखेचे प्रमुख होते आणि आमच्या इमारतीतल्या दोन्ही लिफ्ट त्यांच्याच कंपनीच्या होत्या. नागपूरहून बदली होऊन आल्यावर घर बघायला गेलो तेव्हा त्यांनी आधी गच्चीवर जाऊन लिफ्टचं यंत्र पाहिलं आणि मग खाली येऊन खोल्या पाहिल्या, असं आई कुणालाही सांगायची. शाळेत मी 'आमच्या लिफ्ट' असं म्हणायची आणि त्यात मला काही चुकीचं वाटायचं नाही. गॅलरीतून तळं दिसायचं. घर घेताना ते दृश्य आम्हाला फार भारी वाटलं होतं, पण वारा फिरला की त्या पाण्याचा असा वास यायचा की आई धावत जाऊन सगळ्या खिडक्या लावून घ्यायची. आजही कुणी 'लेक व्ह्यू' म्हणालं की मला आधी खिडकीची कडी आठवते.

आई एचएसआर लेआउटमधल्या एका शाळेत शिकवायची. तिची सगळी बोली वऱ्हाडातली, त्यामुळे पहिले काही महिने भाजीवाल्याशी तिची रोज गंमत व्हायची. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ही त्याला सांबार मागायची आणि तो शांतपणे समोरच्या हॉटेलाकडे बोट दाखवायचा. घरी झुणका, गोळाभात आणि शनिवारी वडाभात असा बेत असायचा. दुपारी मात्र मी तिसऱ्या मजल्यावर सुशीलाक्कांकडे जेवायची, कारण आईला यायला उशीर व्हायचा. अक्कांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. त्या मराठीच बोलायच्या, पण ते मराठी आमच्या कानांना नवीन होतं. दहीभाताला त्या मोसरन्न म्हणायच्या, मला पुट्टी, म्हणजे छोटी, म्हणायच्या, आणि वाढताना 'स्वल्प घे की, स्वल्प' म्हणत भरपूर वाढायच्या. त्यांचा मुलगा आणि सून दोघं नोकरीला जायची. दुपारभर घरात त्या, मी आणि मंद आवाजात लावलेला कन्नड रेडिओ, एवढेच असायचो.

बाबांबद्दल सांगायचं तर त्यांना सगळं माहीत असायचं. म्हणजे तसं ते वागायचे. के. आर. पुरम स्टेशनवर गाडी कुठल्या फलाटावर लागेल, हे ते घोषणा व्हायच्या आधी सांगायचे आणि आम्ही सामान घेऊन त्या फलाटावर जायचो. गाडी दुसरीकडे लागली की 'आज त्यांनी बदललं' म्हणायचे. माझ्या विज्ञानाच्या गृहपाठातले प्रश्न ते एका दमात सोडवून द्यायचे. त्यातले काही चुकायचे, पण चुकलेलं उत्तरसुद्धा ते इतक्या ठामपणे सांगायचे की बाईंनी काट मारल्यावर मला बाईंचीच शंका यायची. हा काही निव्वळ स्वभाव नव्हता. त्यांच्या पहिल्या नोकरीतल्या साहेबांनी त्यांना सांगितलं होतं की वरचा माणूस अडखळला की खालच्यांचे हात थरथरतात, म्हणून माहीत नसलं तरी चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. बाबांनी ते मनापासून पाळलं. त्यांच्या हाताखालची माणसंही त्यांना मानायची. 'पाटणकर सर म्हणाले' एवढं सांगितलं की पुढची चर्चा बंद व्हायची.

त्या उन्हाळ्यात डाव्या बाजूची लिफ्ट कधीकधी मजल्याच्या जरा खाली थांबायला लागली. वीतभर खाली, कधी त्याहून कमी. पाय ठेचकाळायचा. तक्रार आली, बाबांनी बसवराजला पाठवलं. बसवराज त्यांचा सगळ्यात जुना मेकॅनिक, दावणगेरे बाजूचा, कमी बोलणारा. त्याने पाहिलं, सगळं ठीक होतं. पुन्हा तक्रार आली तेव्हा बाबा स्वतः सकाळी गच्चीवरच्या खोलीत गेले, ऑफिसला जायच्या आधी तासभर लिफ्ट वरखाली करून पाहिली. प्रत्येक मजल्यावर ती जिथल्या तिथे थांबली. खाली आले तेव्हा अक्का भाजीची पिशवी घेऊन लिफ्टपाशीच उभ्या होत्या. बसू का नको, असं त्यांनी विचारलं. बाबा हसून म्हणाले, काही नाही अक्का, मी स्वतः पाहिलंय, माझ्या भरवशावर बसा. अक्का बसल्या. त्यानंतर त्या रोज बसत होत्या.

ते घडलं तेव्हा मी त्यांच्या मागे उभी होते. दुपारची वेळ, शाळेच्या गाड्या नुकत्याच येऊन गेल्या होत्या आणि लिफ्ट सारखी वरखाली होत होती. मी दप्तर घेऊन आत शिरले, अक्का फाटकाशी आल्या होत्या त्याही माझ्याबरोबर चढल्या. तिसरा मजला आला, दार उघडलं. अक्कांनी एक पाय बाहेर टाकला आणि लिफ्ट खाली सरकू लागली. आदळली नाही, झटका दिला नाही, नुसती दार उघडं ठेवून संथपणे घसरत गेली. अक्का पुढे, बाहेरच्या फरशीवर पडल्या. त्यांची चप्पल आत माझ्याजवळ राहिली. मला आधी त्यांचे गुडघे दिसत होते, मग फरशीची कड माझ्या डोळ्यांसमोर आली, आणि मग लिफ्ट थांबली. मला काही लागलं नाही. वरून अक्का कण्हत होत्या आणि तशातही मलाच हाका मारत होत्या, 'पुट्टी, हलू नको, हलू नको' म्हणून. त्या मागे, माझ्या अंगावर पडल्या असत्या तर त्यांचे पाय कुठे असते, हा विचार मला तेव्हा आला नाही. बाबांना आला असणार.

अक्कांचं मनगट मोडलं. संध्याकाळी प्लास्टर घालून त्यांना घरी आणलं, चौघांनी खुर्चीत बसवून जिन्याने. कारण बाबांनी ऑफिसातून येताच दोन्ही लिफ्ट बंद केल्या होत्या. त्या दिवशी ते जेवायला बसले आणि पोळीचा एक तुकडा हातात धरून बसून राहिले. मला त्यांनी जवळ बोलावून लिफ्ट नक्की कशी घसरली ते विचारलं, आवाज आला का, वेग वाढत गेला का. मी सांगत होते आणि ते माझ्या दंडाला धरून ऐकत होते, जरा जास्तच घट्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अक्कांकडे गेले. मी अक्कांची चप्पल परत द्यायला बरोबर होते. बाबा बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "अक्का, मी तुम्हाला भरवसा दिला, तो माझ्यापाशी नव्हता. मी पाहिलं होतं हे खरं. पण मला दोष सापडला नव्हता. सापडला नाही, एवढंच सांगायला हवं होतं."

अक्का पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मग तसं का नाही बोललात?"

"सवय नाही," बाबा म्हणाले.

"सरी," अक्का म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे. त्यात राग गेला होता की नव्हता, मला कळलं नाही. त्यांनी सुनेला हाक मारून कॉफी आणायला सांगितली. बाबांनी ती उभ्यानेच प्यायली.

रविवारी सकाळी तळमजल्यावर, गाड्या लावतात तिथे, सगळ्यांची बैठक झाली. एवढी माणसं आमच्या इमारतीत राहतात हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. इंग्रजी, हिंदी, कन्नड, तेलुगू असं सगळं एकदम चाललं होतं. बाबांच्या मुंबईच्या ऑफिसातून आदल्या दिवशी फोन आलेला होता. सगळ्या चाचण्या बरोबर येताहेत, तेव्हा लिफ्ट सुरक्षित आहेत असं सांगा आणि चालू करा, असा निरोप होता. बाबा गॅलरीत उभे राहून बोलत होते, ते मी ऐकलं होतं. ते म्हणाले होते, "साहेब, चाचण्या बरोबर येताहेत हीच तर अडचण आहे."

बैठकीत आठव्या मजल्यावरचे रंगनाथन उठून उभे राहिले. सडपातळ, निवृत्त, इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. त्यांच्या बायकोला, जयाआंटींना, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागायचं. ते इंग्रजीत, अगदी सावकाश म्हणाले की आम्हाला यंत्राची माहिती नको, एका शब्दात उत्तर द्या. लिफ्ट सुरक्षित आहे की नाही?

मला वाटलं, आता बाबा त्यांच्या नेहमीच्या आवाजात बोलतील आणि सगळं मिटेल. त्यांनी हात खिशात घातले, पुन्हा बाहेर काढले.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

जमलेली माणसं सगळी एकदम बोलायला लागली. कुणीतरी म्हणालं, इतकी वर्षं याच धंद्यात आहात आणि माहीत नाही? बाबा म्हणाले, नाही. आवाज जरा थांबल्यावर ते पुढे बोलले, आणि ते बोलणं मला जवळजवळ तसंच्या तसं आठवतं. लिफ्ट घसरली हे मला माहीत आहे, ते म्हणाले. का घसरली ते माहीत नाही. ते कळेपर्यंत मी कुणालाही तिच्यात बसू देणार नाही. रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी इथे, याच जागी उभा राहीन. त्या दिवशी काय कळलं ते सांगेन. काही कळलं नसेल तर तेही इथे येऊनच सांगेन.

एक तरुण गृहस्थ म्हणाला की उजवीकडची लिफ्ट तर कधीच बिघडली नव्हती, ती तरी चालू करा. बाबा म्हणाले, डावीचं काय बिघडलंय तेच मला ठाऊक नाही, मग ते उजवीत नाही असं मी कशावरून सांगू?

रंगनाथन अजून उभेच होते. "माझी बायको मंगळवारी खाली कशी उतरणार?"

"मी आणीन त्यांना खाली," बाबा म्हणाले. "आणि परत वर नेईन. लिफ्ट चालू होईपर्यंत प्रत्येक वेळी."

रंगनाथन जिन्याकडे वळले. मीही त्यांच्या मागोमाग निघाले, कारण मला तिथे थांबवेना. माझ्या वर्गातली दोन मुलं त्या बैठकीत होती आणि त्यांच्यासमोर बाबा 'माहीत नाही' म्हणाले होते. बाबा घरी आल्यावर आई कणीक मळत म्हणाली, अहो, दुसरं काहीतरी बोलला असतात. बाबांनी विचारलं, काय बोललो असतो? आईने परातीत हात तसाच ठेवून विचार केला. मग ती पुन्हा मळायला लागली.

त्यानंतरचे दिवस मला जिन्याचे म्हणून आठवतात. आमच्या इमारतीचा जिना तोवर कुणाच्या गावीही नव्हता. तिथे दिवेसुद्धा अर्धे बंद होते. आता सकाळपासून त्यावर वर्दळ असायची. दुसऱ्या मजल्यावर मोहरी वाटलेल्या माशाचा वास, चौथ्यावर कॉफी, सहाव्यावर गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, आंबट फोडणी, आणि प्रत्येक दारामागे कुकरच्या शिट्ट्या, एकीची संपते तोवर दुसरीची सुरू. दूधवाला तळमजल्यावर पिशव्या ठेवून निघून जायचा. गॅसचा सिलिंडर चढवायला माणसं तयार होईनात, तेव्हा ज्यांच्याकडे संपला त्यांनी शेजारच्या घरी कुकर लावले. पाचव्या मजल्याच्या वळणावर कुणीतरी दोन खुर्च्या आणून ठेवल्या, दम खायला. तिथे आईला तिची पहिली कन्नड मैत्रीण भेटली. पण हे सगळं गोडीगुलाबीचं होतं असं म्हणणं खोटं होईल. लोक चिडलेले होते. बाबा समोरून आले की काही जण मुद्दाम मोठ्याने धापा टाकायचे. एका घरातल्या गरोदर सुनेला तिच्या माहेरी पाठवावं लागलं आणि तिच्या सासूने आईशी बोलणं सोडलं.

जयाआंटींना न्यायला आमच्या घरातली हातांची लाकडी खुर्ची वापरायचे. तिला दोन बांबू बांधलेले. पुढे बाबा आणि बसवराज, मागे सुरक्षारक्षक आणि वरचा एक तरुण मुलगा. रंगनाथन पिशवी आणि फाइल घेऊन पुढे चालायचे, मागे न बघता. पहिल्या मंगळवारी मी पाण्याची बाटली घेऊन बरोबर होते. आंटी प्रत्येक वळणावर सगळ्यांची माफी मागत होत्या. सहाव्या मजल्यापाशी बाबा घाम पुसायला थांबले तेव्हा आंटींनी विचारलं, मला पाडाल अशी भीती वाटते का तुम्हाला? हिंदीत विचारलं, अगदी सहज, जेवलात का असं विचारावं तसं.

"वाटते," बाबा म्हणाले.

"मग नीट धराल," आंटी म्हणाल्या आणि खुर्चीच्या हातांवर पुन्हा हात ठेवून बसल्या.

संध्याकाळची उभं राहण्याची गोष्ट बाबांनी एकदाही चुकवली नाही. पहिल्या संध्याकाळी ते ताठ उभे होते, बोलताना एका गाडीच्या आरशाकडे बघत होते. तारा तपासल्या, त्या ठीक आहेत. मजल्यावर थांबवणारी यंत्रणा बदलून पाहिली, काही फरक नाही. कारण अजून माहीत नाही. एवढं सांगून ते जिना चढून आले आणि पलंगावर आडवे झाले. दुसऱ्या संध्याकाळीही तसंच. पण हळूहळू त्यांच्यात काहीतरी सैल होत गेलं. लोकांचे प्रश्न ऐकून ते उत्तर द्यायच्या आधी थांबायला लागले. 'हे मी पाहिलेलं नाही, उद्या पाहतो' असं म्हणायला लागले आणि दुसऱ्या दिवशी ते पाहून आल्याचं सांगायला लागले. मग कुणीतरी त्यांना प्लास्टिकची खुर्ची दिली, ते बसून बोलायला लागले. घरी जेवण पूर्ववत झालं. माझ्या गृहपाठातला एक प्रश्न त्यांनी वाचला आणि म्हणाले, हे मला येत नाही, आपण दोघं पुस्तकात बघू. मी त्यांच्याकडे अशी बघत राहिले की ते हसले.

आता मी स्वतः बरीच वर्षं एका प्रयोगशाळेत प्रमुखाच्या खुर्चीत बसते आहे. तरुण मुलं अहवाल पुढे करून माझ्या तोंडाकडे बघतात, तेव्हा मला त्या खिशात जाऊन पुन्हा बाहेर आलेल्या हातांची आठवण होते. 'माहीत नाही' हा शब्द सोपा नाही. पण तो जड असतो ते पहिल्यांदा उचलताना. बाबांना तो सोपा झाला, कारण त्याच्यापुढे रोज काहीतरी काम होतं. नुसतं 'माहीत नाही' म्हणून ते घरी येऊन बसले असते तर लोकांनी त्यांना कधीच माफ केलं नसतं, आणि ते बरोबरच झालं असतं.

एका संध्याकाळी बाबा खालून वर आले आणि थोड्या वेळाने बसवराज आमच्या दाराशी आला. तो घरी कधी यायचा नाही. आईने त्याला आत बोलावून चहा दिला. त्याने चहा संपवला. मग कप खाली ठेवून म्हणाला, "सर, एक गोष्ट आहे. महत्त्वाची आहे की नाही, मला माहीत नाही."

गोष्ट अशी होती. बाबा यंत्र बघायला येणार म्हटलं की बसवराज आधी वर जाऊन ते स्वच्छ पुसून ठेवायचा. कुणी तसं सांगितलेलं नव्हतं, त्याची ती पद्धत होती. अपघाताच्या आधी आणि नंतरही पुसताना त्याला ब्रेकच्या चाकावर तेल लागलेलं दिसलं होतं. फार नाही, बोटाला लागेल इतपत. जुन्या यंत्रांमध्ये तेल इथेतिथे लागतंच, म्हणून त्याने ते पुसून टाकलं आणि विसरून गेला. बाबा येईपर्यंत चाक कोरडं व्हायचं आणि ब्रेक नीट धरायचा. गेले काही दिवस बाबा खाली सगळ्यांसमोर कारण माहीत नाही असं सांगत होते, ते ऐकताना त्याला ते तेल आठवत होतं.

बाबा रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "आधी का नाही सांगितलंस?"

बसवराज खाली बघत होता. "तुम्हाला सगळं माहीत असतं, सर."

बाबा उठून गॅलरीत गेले आणि तळ्याच्या बाजूला तोंड करून उभे राहिले. वारा तिकडूनच येत होता, पण त्यांनी खिडकी लावली नाही. परत आले तेव्हा बसवराजच्या शेजारी बसले आणि म्हणाले, उद्या आपण काहीच पुसायचं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या मजल्यांची दारं अडवून डावी लिफ्ट सकाळपासून रिकामीच वरखाली चालवली. दुपारी आईने मला डबा घेऊन गच्चीवर पाठवलं. ऊन असं होतं की यंत्राच्या खोलीचा पत्र्याचा दरवाजा हाताला चटका देत होता. आत यंत्राचा घुमणारा आवाज, गरम तेलाचा वास, आणि बाबा आणि बसवराज शेजारी शेजारी उकिडवे बसलेले, टॉर्च धरून. बाबांनी मला हाताने थांबवलं. मग बोलावलं आणि दाखवलं. यंत्र तापलं की आतलं तेल पातळ होत होतं आणि एका झिजलेल्या सीलमधून अगदी सावकाश बाहेर येऊन ब्रेकच्या चाकावर पसरत होतं. उजेडात तिथे फक्त एक चकाकी दिसत होती. सकाळी थंड यंत्रावर, पुसलेल्या चाकावर, ते कुणाला दिसलंच नसतं. मला वाटलं बाबा आनंदाने ओरडतील. ते म्हणाले, "एक सापडलं," आणि डबा उघडून बसवराजच्या पुढे सरकवला. दोघांनी तिथेच, त्या उकाड्यात, झुणका-भाकर खाल्ली. नंतर त्यांनी उजवी लिफ्टही तशीच संध्याकाळपर्यंत चालवली. तिचं चाक शेवटपर्यंत कोरडं राहिलं.

त्या संध्याकाळी खाली गर्दी होती. बाबांनी आधी बसवराजने काय सांगितलं ते सांगितलं, त्याचं नाव घेऊन. मग तेलाचं सांगितलं. मग उजवीचं सांगितलं, की तिच्यात दोष नाही आणि ती लगेच चालू करतो आहे. तो तरुण गृहस्थ म्हणाला, म्हणजे इतके दिवस आम्ही उगीचच जिने चढलो. ती निदान चालू ठेवता आली असती.

"हो, आली असती," बाबा म्हणाले. "पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं."

त्या तरुणाने जाऊन उजव्या लिफ्टचं बटण दाबलं.

डाव्या लिफ्टचं सील आणि ब्रेकचे पट्टे बदलले, वाळूची पोती भरून ती पुन्हा तापेपर्यंत चालवली. ती चालू करायच्या दिवशी जयाआंटींचा डायलिसिसचा दिवस होता. उजवी लिफ्ट सामान हलवायला कुणीतरी अडवून ठेवली होती. आठव्या मजल्यावर बाबा डाव्या लिफ्टचं दार उघडून उभे होते. रंगनाथन बायकोचा हात धरून आले आणि उंबऱ्यापाशी थांबले.

"पूर्ण खात्री आहे?" त्यांनी विचारलं.

"पूर्ण नाही," बाबा म्हणाले. "एक दोष सापडला, तो काढला. तेच कारण होतं असं मला वाटतं. पुढचे काही महिने दर आठवड्याला मी स्वतः बघणार आहे. तुम्हाला थांबायचं असेल तर खुर्ची तयार आहे, मी नेतो जिन्याने."

रंगनाथननी बायकोकडे पाहिलं. जयाआंटी आत गेल्या आणि मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. रंगनाथन त्यांच्या मागोमाग गेले, मग बाबा. दार बंद झालं. मी आणि आई वरच्या जिन्यावरून ऐकत होतो. तळमजल्यावर दार उघडल्याचा आवाज इतक्या वरून खरं तर ऐकू येत नाही, पण आई म्हणाली, पोचले.

अक्का मात्र पुन्हा लिफ्टमध्ये बसल्या नाहीत. तीनच मजले, म्हणायच्या, पायांना बरं. बाबांनी त्यांना कधी आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी बाबा ऑफिसातून आल्यावर वर न येता खालीच थांबले, आणि माणसंही एकेक करून आली. काही लिफ्टने आली, अक्का सुनेचा हात धरून जिन्याने उतरल्या. प्लास्टिकच्या खुर्च्या तिथेच होत्या. कुणीतरी भजी आणली होती. कुणी ती कशाला आणलीस विचारलं नाही. मी आईबरोबर भाजी घेऊन फाटकातून आत येत होते.

"मग पाटणकर," अक्का बसता बसता म्हणाल्या, "आज काय माहीत नाही तुम्हाला? सांगा की."

लोक हसले. बाबाही हसले. मग त्यांनी हातातली भजी कागदावर परत ठेवली.

"मुंबईहून फोन आला होता," ते म्हणाले. "त्यांनी सांगूनही मी दोन्ही लिफ्ट बंद ठेवल्या, ते त्यांना आवडलेलं नाही. मला इथे ठेवणार की नाही, ते माहीत नाही."

हे त्यांनी घरी सांगितलेलं नव्हतं. आई पिशवी हातात घेऊन तशीच उभी राहिली. पुढे बदली झाली नाही, आणि ज्या बढतीची सगळे वाट बघत होते तीही झाली नाही. बाबा त्याच खुर्चीतून निवृत्त झाले. पण त्या संध्याकाळी यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं. रंगनाथन उठले, त्यांनी आपली खुर्ची आईपुढे आणून ठेवली आणि स्वतः गाडीला टेकून उभे राहिले. आई बसली. सगळ्यांसमोर तिने विचारलं, "कधी कळेल?"

"माहीत नाही," बाबा म्हणाले. "पण कळलं की आधी तुला सांगेन."